पाणी जातं त्या वाटेनं

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ठाण्याच्या जुन्या घरांच्या जोत्यांविषयी, म्हणजे घर ज्या दगडी चौथऱ्यावर उभं असतं त्याविषयी, थोडंसं लिहिलं होतं: जोतं किती उंच आहे यावरून त्या आळीत पावसाचं पाणी कुठवर चढत असे ते कळतं, एवढंच. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देते. पहिलं उत्तर लांबलंय, कारण ते पत्र वाचून मी स्वतःच एका रविवारी पहाटे उठून ती वाट पुन्हा चालून आले.

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांचं लहानपण ठाण्यात चरईत गेलं. लग्न होऊन नाशिकला गेल्या, आता आमच्याकडे कल्याणला असतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना आणि अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन तलावपाळी आणि तिच्या आजूबाजूचं जुनं ठाणं पायी फिरायचं मनात आहे. गाईड नको, ग्रुप नको, आमचं आम्हीच फिरायचं. सासूबाई म्हणतात, "काय बघणार आहेस? सगळीकडे टॉवर झालेत." कुठून निघावं, काय बघावं, वेळ किती लागेल?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : सकाळी पावणेसातला तलावपाळीवर पोहोचा. ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरलं की चालत फार लांब नाही, पण सासूबाईंसाठी रिक्षा करा. त्यांचे पाय पुढच्या वाटेसाठी राखून ठेवायचेत. दिवाळीचा पहिला दिवस मात्र टाळा. दिवाळी पहाटेला तलावपाळी आणि राम मारुती रोडवर तरुण पोरांची इतकी गर्दी असते की चालणं सोडाच, उभं राहायला जागा मिळत नाही. भाऊबीज होऊन गेली की जा.

गडकरी रंगायतनच्या समोर, तळ्याच्या कठड्यापाशी थांबा आणि पाऊल उचलण्याआधी लेकीला एवढं सांगा. तुझ्या एका बाजूला, लांब पश्चिमेला, येऊरचे डोंगर आहेत. दुसऱ्या बाजूला, पूर्वेला, खाडी आहे. पावसात डोंगरावरून सुटलेलं पाणी खाडी गाठायला बघतं, आणि वाटेत माणसांनी ठिकठिकाणी बांध घालून, खणून ते अडवून ठेवलं. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात ते त्यामुळे. आजही तीसच्या वर तळी शहरात आहेत. आपण आज त्या पाण्याच्या वाटेनं चालणार आहोत, तळ्यापासून खाडीपर्यंत.

मी बत्तीस वर्षं एका वास्तुविशारदाच्या कार्यालयात आरेखक होते. पुनर्विकासाला निघालेल्या घरांची पाडण्याआधी मोजमापं घ्यायची आणि नकाशे काढायचे हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात आमच्याबरोबरच्या म्हाताऱ्या गवंड्यानं मला सांगितलं होतं, "बाई, भिंती मागनं मोजा. आधी या घराचं पाणी कुठे जातं ते बघा." त्याच्याकडे ओळंबा होता, पाणसळ होती, आणि उंची जुळवायला पाणी भरलेली पारदर्शक नळी होती. पण तो आधी तांब्याभर पाणी अंगणात ओतायचा आणि बघत बसायचा. पाणी पळालं त्या दिशेला मोरी, त्या दिशेला गटार, त्या दिशेला आळीचा उतार. मग घराचं दार, ओटा, विहीर, न्हाणीघर हे सगळं जिथे आहे तिथेच का आहे ते आपोआप उलगडत जायचं. घरांसाठी मी ते शिकले, पुढे कळलं की अख्ख्या पेठेलाही तेच लागू आहे.

म्हणून लेकीच्या हातात पाण्याची एक बाटली द्या. जिथे वळाल तिथे झाकणभर पाणी रस्त्यावर ओतायचं आणि ते कुठे जातं ते तिनं वहीत बाणानं दाखवायचं. नव्या काँक्रीटच्या रस्त्यांनी जुने उतार बरेच झाकलेत, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी पाणी खरं बोलणार नाही. आत आळीत शिरल्यावर बोलेल.

आता तळ्याला एक पूर्ण फेरी मारा. गडकरी रंगायतन १९७८ सालचं; राम गणेश गडकऱ्यांच्या नावाचं. ते तळ्याच्या इतकं काठावर आहे की मध्यंतरात बाहेर आलं की वारा थेट पाण्यावरून येतो. सासूबाईंच्या लहानपणी ते नव्हतं, तेव्हा त्यांना विचारा की त्या जागी काय होतं, टांगे कुठे उभे राहायचे, पोहायला कोण उतरायचं. इथे घाई करू नका. मी अनेक म्हाताऱ्या माणसांबरोबर जुनी घरं मोजलीत. उभ्यानं विचारलं तर "आठवत नाही" म्हणतात, कठड्यावर पाच मिनिटं टेकू दिलं की सांगायला लागतात. फेरीत एक गोष्ट लेकीला दाखवा: देऊळ, चर्च आणि बाजार, तिन्ही या एका पाण्याला धरून आहेत. सेंट जॉन बाप्टिस्टचं चर्च मुळात पोर्तुगीज काळातलं, आणि दोनशे वर्षांच्या आसपास पोर्तुगिजांचा अंमल इथे होता हे त्याच्यामुळे लक्षात राहतं.

चिंतामणी चौकातून जांभळी नाक्याकडे या. कोपिनेश्वराचं देऊळ बाजारात आहे. पूर्वीचं ठाणं म्हणजे शिलाहार राजांचं श्रीस्थानक. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं पोर्तुगिजांकडून जिंकून घेतलं आणि १७६० मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी हे देऊळ उभं केलं. पिंड एवढी मोठी आहे की लेक बघतच राहील. सोमवारी आणि महाशिवरात्रीला रांग लांब असते, म्हणून तुमच्या दिवशी सोमवार नसेल असं बघा. देवळात बसून घ्या. पुढचा टप्पा गर्दीचा आहे.

जांभळी नाक्याची मंडई नऊनंतर तुडुंब होते, आठच्या आत तिथून पुढे गेलेलं बरं. पण जाताना बाजारपेठेत एकदा भिंतीला लागून उभं राहा आणि मान वर करा. खाली दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स, एलईडीचे दिवे. पाटीच्या वर नजर गेली की दुसरं ठाणं सुरू होतं: लाकडी गजांच्या खिडक्या, बिडाच्या ओतीव कठड्याचा एखादा तुकडा, सज्ज्याखाली कोरलेले लाकडी हात. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी ही घरं. सज्जा रस्त्यावर दोन-अडीच फूट पुढे आलेला असायचा, तो गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाऊस पडू नये म्हणून, आणि वरच्या बाईला खालचा बाजार दिसावा म्हणूनही. जी चार-दोन उरलीत त्यांच्याकडे वर बघूनच चालावं लागतं, म्हणून सासूबाईंचा हात धरा.

इथून टेंभी नाका जवळ आहे. तिथे १८७९ मध्ये बांधलेलं बेने इस्रायलांचं, म्हणजे मराठी ज्यूंचं, प्रार्थनामंदिर आहे, शार हाशामायिम, म्हणजे स्वर्गाचं दार. हे लोक कित्येक शतकं कोकणात राहिलेले, घरात मराठी बोलणारे, गावाच्या नावावरून -कर लावणारे. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आत जायचं तर आधी परवानगी लागते आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. बाहेरून बघून पुढे जा. सासूबाईंच्या शाळेत एखादी बेने इस्रायल मैत्रीण नक्की असणार, नाव निघेलच.

कोर्ट नाक्याच्या बाजूला ठाण्याचा तुरुंग आहे. तो म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, मराठ्यांनी जिंकलेला, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेलेला. पेशव्यांचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ मध्ये इथूनच निसटला. आणि १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी इथे फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचा होता. मी त्या भिंतीजवळून जाताना बोलत नाही. तुमच्या लेकीला कारण सांगा आणि तिला ठरवू द्या. फोटो काढायचा नाही, तो तुरुंग आहे.

आता खारकर आळी. इथे मात्र वेळ काढा, सगळ्या वाटेत मला सर्वांत प्रिय जागा ही.

आळी सरळ नसते हे आत शिरताच कळेल. ती वळते, अरुंद होते, मध्येच एखाद्या वाडीच्या तोंडाशी रुंद होते. सरळ रस्ता एका दमात सगळा दिसतो. वळणारी आळी थोडी थोडी दिसते, त्यामुळे दोन्ही बाजूंची घरं एकमेकांच्या सावलीत राहतात आणि उन्हाळ्यात दुपारी अकरापर्यंत जमीन तापत नाही. हात लावून बघा, आत भिंत गार लागेल. आता इथे झाकणभर पाणी ओता. बहुतेक ठिकाणी ते घरांपासून आळीच्या मध्याकडे आणि मग खाडीच्या दिशेनं जाताना दिसेल. आळी ही माणसांची वाट होती तशी पाण्याचीही होती. म्हणूनच घरं दगडी जोत्यावर चढवलेली आणि दारापुढे ओटा.

त्या ओट्याबद्दल एक सांगते. याच भागात एका घराची मोजमापं घ्यायला मी गेले होते. कौलारू, दोन खणांचं, वर माडी. जोतं अडीच फूट, चढायला काळ्या दगडाच्या तीन पायऱ्या. मधली पायरी मोजताना टेप नीट बसेना. बघितलं तर पायरी झिजलेली, आणि मध्यभागी नाही, डाव्या बाजूला. जवळपास अर्धा इंच खोल, बशीसारखी. दोन माणसं शेजारी शेजारी चढतील एवढी ती पायरी रुंद, तरी सगळे डावीकडूनच का चढत होते? आजूबाजूला बघून काही कळेना, रस्ता तर समोरच होता. घरातल्या आजी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, विहीर तिकडे होती ना. ती बुजवून चाळीस वर्षं झाली." चार पिढ्या बायका भरलेल्या घागरी घेऊन डावीकडून आल्या आणि डाव्या काठावर पाय देऊन चढल्या. विहीर गेली, घागरी गेल्या, नळ आला. पायरीला मात्र विहिरीची दिशा ठाऊक होती.

मी नकाशात पायरीचा तो खड्डा काढला. साहेब म्हणाले याची गरज नाही, तरी काढला. घर पाडलं तेव्हा मला बोलावलं नव्हतं. कौलं उतरवून भिंतीला लावून ठेवली होती, त्यातलं एक मी मागून घेतलं. त्याच्या पाठीवर मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्याचा ठसा आहे. त्या मिशननं १८६५ पासून तिथे कौलं भाजायला सुरुवात केली आणि मग ती जहाजांनी सगळ्या कोकण किनाऱ्यावर पसरली. त्याच्या आधी नळीची कौलं असत, कुंभारानं चाकावर घडवलेली, दर पावसाळ्याआधी शेकारायला लागणारी. पायऱ्या कुठे गेल्या मला माहीत नाही. मी तीन दिवस घर पाडणाऱ्यांकडे त्या मागत होते.

म्हणून तुमच्या सासूबाईंना सांगा की टॉवर झालेत हे खरं आहे आणि मलाही त्याचं दुःख आहे. पण टॉवर आळीच्या जागेवर उभे राहिलेत आणि आळीचं वळण अजून तसंच आहे. चरईचेही तेच. त्यांना त्यांच्या आळीत नेऊन मध्यात उभं करा, डोळे मिटायला सांगा आणि विचारा, "तुमचं घर कोणत्या हाताला?" हात आपोआप वर होईल.

साडेनऊच्या सुमारास भूक लागेल. तहसील कचेरीजवळची मामलेदार मिसळ याच वाटेवर पडते. नाव मामलेदार कचेरीवरूनच आलं. तिखट आहे, लेकीसाठी ताक घ्या. सासूबाईंना तिखट सोसत नसेल तर सरळ राम मारुती रोड किंवा गोखले रोडला जा, तिथे साबुदाणा वडा, थालीपीठ सगळं मिळतं. तिथून स्वच्छतागृहाचाही प्रश्न सुटतो, जो जुन्या वस्तीत सुटत नाही. हे मी स्पष्ट लिहिते, कारण बायकांना घेऊन निघणाऱ्यानं आधी याचा विचार करायला हवा.

तोवर अडीच-तीन तास झालेले असतील. सासूबाई दमल्या असतील तर इथून घरी जा, राहिलेलं पुढच्या खेपेला. ताकद उरली असेल तर स्टेशनकडे येताना सुभाष पथावर मराठी ग्रंथ संग्रहालय लागेल. वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी ते १ जून १८९३ ला सुरू केलं. मग स्टेशन ओलांडून पूर्वेला, चेंदणी कोळीवाड्यात. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ३४ किलोमीटर धावून ठाण्याला आली आणि तेव्हापासून चेंदणी रुळांच्या दोन बाजूंना आहे. कोळीवाड्याची बांधणी आळीपेक्षा वेगळी. घरं दाटीनं एकमेकांना टेकलेली, ओटे छोटे, सगळं काम बाहेर: जाळी, टोपल्या, सुकत घातलेली मासळी. मीठबंदर रोडनं पुढे गेलात की तिवरं आणि खाडी. लेकीला बाटलीतलं उरलेलं पाणी तिथे ओतू द्या.

प्रश्न : मासुंदा तलाव आणि तलावपाळी एकच का? दोन नावं कशाला?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तळं मासुंदा, आणि पाळ म्हणजे तळ्याचा बांध. तलावाची पाळ ती तलावपाळी. आपण जिथे फिरतो, भेळ खातो, ती जागा म्हणजे पाणी अडवणारा काठ. बोलता बोलता काठाचं नाव तळ्याला मिळालं. अशी नावं ठाण्यात खूप आहेत आणि ती ओळखता आली तर निम्मा नकाशा हातात येतो: आळी म्हणजे दुतर्फा घरांची गल्ली, पाडा म्हणजे लहान वस्ती, नौपाड्यात तो आहे, पाखाडी हा कोकणातला शब्द, दगड बसवलेल्या वाटेला आणि तिच्या काठच्या वस्तीलाही, तो पाचपाखाडीत आहे. रिक्षावाल्याला आपण रोज हे शब्द सांगतो.

प्रश्न : मला जुन्या घरांचे फोटो काढायला आवडतात. गेल्या महिन्यात ठाण्यात एका वाड्याचा फोटो काढताना आतून एक काका ओरडले, "बिल्डरकडून आलात का?" मला फार वाईट वाटलं. फोटो काढूच नयेत का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : काढावेत. पण त्या काकांच्या जागी उभं राहून बघा. त्यांच्या दारात कॅमेरा घेऊन जो कुणी आला त्याच्या मागून बहुतेक वेळा करारनामा आला. भाडेकरू असतील तर ते रोज त्याच काळजीत जगत असतील. माझ्या हातात टेप असायचा, माझ्याकडे तर त्याहून वाईट नजरेनं बघायचे, आणि माझ्या बाबतीत ती नजर बरोबर होती. मी खरंच पाडण्याआधीचं माप घ्यायला गेलेली असायची.

मी काय करायचे ते सांगते. ओटा ही घराची जागा आहे, रस्त्याची नाही, जरी तो रस्त्यावर उघडा असला तरी. पूर्वी वाटसरू ओट्यावर टेकायचा, पाणी मागायचा, पण विचारून. तसंच करा. चप्पल खाली काढा, पायरीच्या खाली उभं राहा, आपण कुठून आलो ते आधी सांगा. "घर खूप छान आहे" म्हणू नका, ते सगळे म्हणतात. त्याऐवजी एखादी गोष्ट नेमकी विचारा: हा कोनाडा कशासाठी, ही कडी दारामागे एवढी वर का, या तुळया कुठल्या लाकडाच्या. माणूस स्वतः उठून दाखवतो. फोटो काढलात तर छापून त्यांना नेऊन द्या, मोबाईलवर पाठवणं पुरेसं नाही. ज्या घराचा एकही फोटो घरच्यांकडे नाही अशी किती तरी घरं मी बघितलीत. कपडे वाळत असतील, कुणी आंघोळीहून येत असेल, देवघर उघडं असेल, तर कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोपरखैरणेला राहतो. जोत्यांवरचा तुमचा मजकूर वाचून वाटलं की आमच्या नवी मुंबईत असं काहीच नाही, सगळं सेक्टर आणि प्लॉट नंबर. जुन्या पद्धतीनं आखलेली वस्ती बघायला ठाण्यालाच यावं लागेल का?
– एक विद्यार्थी, कोपरखैरणे

उत्तर : ठाण्याला या, पण त्याआधी एक सकाळ बेलापूरला घालवा. सीबीडी बेलापूरच्या सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट्स व्हिलेज आहे. मुंबईच्या समोर खाडीपलीकडे नवं शहर करावं ही कल्पना साठच्या दशकात ज्या तिघांनी मांडली, चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल, त्यांच्यातल्या कोरियांनी ही वस्ती १९८३ ते १९८६ च्या दरम्यान केली. नवी मुंबई वसवणारी सरकारी संस्था सिडको १९७० मध्ये झाली आणि तिथेही ते सुरुवातीची काही वर्षं मुख्य वास्तुविशारद होते.

तिथे गेलात की आधी अंगण शोधा. सात घरं एका लहान अंगणाभोवती, अंगण साधारण ८ मीटर बाय ८ मीटर. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांचं एक मोठं अंगण, साधारण १२ बाय १२. मग ते पुन्हा एकत्र येऊन आणखी मोठी मोकळी जागा, आणि मधून ओढा वाहतो. तुम्ही घरापासून निघून चालत गेलात की पायाखालची जागा हळूहळू घरची, शेजारची, वाडीची, गावाची होत जाते. आपल्या आळीत ओटा, आळीचं वळण, चौकातला पार आणि तळं याच क्रमानं येतात. ते कागदावर आखून उभं केलेलं मी फक्त तिथे बघितलं.

आणि एक गोष्ट तिथे नीट बघा, कारण तुमच्या पिढीला तिचा उपयोग आहे. प्रत्येक घर स्वतःच्या जमिनीच्या तुकड्यावर आहे, ४५ ते ७५ चौरस मीटरच्या, आणि शेजारच्याशी भिंत सामाईक नाही. म्हणजे पैसे आले की माणूस शेजाऱ्याला न दुखवता एक खोली वाढवू शकतो. लोकांनी तसं केलंही. आज तिथे मूळचं उतरत्या छपराचं घर शोधावं लागतं, बरीच घरं पाडून दोन-तीन मजली बांधलीत. तुमचे काही शिक्षक याला अपयश म्हणतील. मला तसं वाटत नाही. मूळ घरं गेल्याचं मला वाईट वाटतं, पण अंगणं बहुतेक ठिकाणी जागेवर आहेत, मुलं त्यांत खेळतात, आणि वाढत्या घराला जागा ठेवणं हे जुन्या वाड्यांनीच शिकवलेलं आहे. आमच्या ठाण्यात वाढीव माडी चढवलेली किती घरं मी मोजली असतील! जोत्याचा दगड एका काळातला, मधल्या तुळया दुसऱ्या, वरचं छप्पर तिसऱ्या.

पाण्याचं म्हणाल तर नवी मुंबईतही तेच सूत्र आहे, फक्त उलट्या बाजूनं. ठाण्याच्या तळ्यात डोंगराचं पाणी थांबायचं. तुमच्याकडे शहराचा पुष्कळ भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीच्या खाली भर घालून उभा केला, तेव्हा पावसाचं पाणी भरतीच्या वेळी खाडीत जाऊच शकत नाही. त्यासाठी सिडकोनं धारण तलाव ठेवले. भरती आली की खाडीकडची झडप पाण्याच्या दाबानं मिटते, शहराचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडप उघडून ते निघून जातं. वाशीचा मिनी सीशोअर, जिथे तुम्ही संध्याकाळी मित्रांबरोबर जात असाल, तो असा धारण तलाव आहे. गाळ साठला, तिवरं वाढली की त्याची धारणक्षमता कमी होते आणि मग पावसात सेक्टरांत पाणी भरतं. पुढच्या पावसाळ्यात एकदा भरतीची वेळ बघून तिथे जा, आणि झडपेच्या दोन्ही बाजूंना पाण्याची उंची किती वेगळी आहे ते बघा.

शेवटी तुमच्या दारातलं. कोपरखैरणेच्या सेक्टरांच्या मध्ये कोपरखैरणे गाव आहे, सिडकोच्या आधीपासूनचं, आगरी-कोळ्यांचं. गावठाणात आता इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि पहिल्या नजरेला काही दिसणार नाही. गल्लीत शिरा, वळणं मोजा, देवळापुढची मोकळी जागा बघा. एखाद्या इमारतीच्या तळाशी जुन्या घराचा ओटा तसाच ठेवलेला मिळेल, वर चार मजले चढलेले असले तरी संध्याकाळी त्यावर बायका बसलेल्या असतात. टेप आणि वही घेऊन जा, विचारून मोजा. पहिलं माप जमिनीपासून जोत्याचं घ्या, दुसरं ओट्याच्या खोलीचं, आणि पायरी असेल तर ती कुठल्या बाजूला झिजलीय ते बोट फिरवून बघा. नकाशा काढलात तर मला पाठवा.